अंटार्क्टिकाचा सातबारा कोणाच्या नावावर?

१/ ‘२०४८ साली अंटार्क्टिक करार संपुष्टात येणार आणि त्याच दिवशी बलाढ्य राष्ट्रे खनिज तेलासाठी त्या खंडावर तुटून पडणार’, अशा आशयाच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर वर्षातून दोन-तीनदा तरी फिरतात. पार्श्वभूमीला गंभीर संगीत, नकाशावर लाल बाण. मजकूर चित्तथरारक असतो. खरा नसतो, एवढेच. अंटार्क्टिक कराराला अखेरची तारीख नाही. २०४८ या सालाला कायद्यात काही अर्थ आहे, पण तो निराळा. त्याकडे ओघाने येऊच.

२/ मात्र आजचा धागा एक तारीख दुरुस्त करण्यापुरता नाही. माझे प्रतिपादन असे की, हा करार सहा दशकांहून अधिक काळ टिकला, याचे श्रेय राष्ट्रांच्या औदार्याला फारसे जात नाही. मालकीचा प्रश्न सोडवायचाच नाही, असे त्यांनी समजून-उमजून ठरवले. त्या चातुर्याला ते जाते. आणि आज त्याला जो खरा धोका आहे, तो वीस-पंचवीस वर्षे दूर नाही. तो दरवर्षीच्या बैठकीत हजर असतो. हे पटवून देण्यासाठी इतिहासात जरा खोल उतरावे लागेल. धागा मोठा आहे, सवडीने वाचा.

३/ आधी भूगोल. सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरचा हा खंड भारताच्या चौपटीहून मोठा आहे. तेथे मूळ रहिवासी नाहीत, त्यामुळे कोणाला हुसकावून लावण्याचे पातक तरी कोणत्या साम्राज्याच्या माथी नाही. १९०८ सालापासून १९४० च्या दशकापर्यंत सात राष्ट्रांनी येथे हक्क सांगितला : ब्रिटन, न्यूझीलंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे, चिली आणि अर्जेंटिना. नकाशावर हे दावे ध्रुवाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या भाकरीच्या चतकोरांसारखे दिसतात. अडचण अशी की, अंटार्क्टिक द्वीपकल्पावर ब्रिटन, चिली आणि अर्जेंटिना यांचे चतकोर एकमेकांवर चढलेले आहेत. याउलट मेरी बर्ड लँड नावाचा एक विस्तीर्ण तुकडा असा की, ज्यावर कोणीच हक्क सांगितला नाही. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी स्वतः दावा केला नाही, इतरांचा मानलाही नाही, परंतु ‘पुढेमागे करण्याचा आमचा अधिकार शाबूत आहे’ असे मात्र बजावून ठेवले.

४/ निर्मनुष्य बर्फावर मालकी सिद्ध करायची कशी? येथे जे प्रकार घडले, ते वाचताना आपल्याकडच्या बांध कोरण्याच्या भांडणांची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. १९३८-३९ मध्ये नाझी जर्मनीची एक मोहीम ‘श्वाबेनलांड’ जहाजातून गेली आणि तिच्या विमानांनी स्वस्तिकचिन्ह असलेल्या धातूच्या खुणा बर्फावर टाकल्या. त्या मोहिमेची कुणकुण लागताच नॉर्वेने घाईघाईने १४ जानेवारी १९३९ रोजी आपला दावा जाहीर करून टाकला.

५/ १९४२ मध्ये अर्जेंटिनाच्या एका जहाजाने डिसेप्शन बेटावर हक्काचा लेख असलेली धातूची नळी ठेवली. पुढल्या वर्षी ब्रिटिश जहाजाने ती उचलली, आपला झेंडा लावला आणि नळी अर्जेंटिनाला परत केली. महायुद्ध ऐन भरात असताना, मनुष्यबळाची चणचण असताना, ब्रिटनने ‘ऑपरेशन टॅबरिन’ या गुप्त नावाने १९४३ ते १९४५ या काळात तेथे तळ उभारले आणि टपाल कचेऱ्याही थाटल्या. पेंग्विनांच्या वस्तीत टपाल कचेरी कशासाठी? तिकिटावर शिक्का पडला म्हणजे राज्यकारभार चालतो आहे याचा पुरावा झाला, म्हणून.

६/ हे सारे हास्यास्पद वाटते खरे, पण १ फेब्रुवारी १९५२ रोजी होप उपसागरात गोळ्या झाडल्या गेल्या. आगीत जळालेला आपला तळ पुन्हा उभारण्यासाठी ‘जॉन बिस्को’ जहाजातून ब्रिटिश पथक उतरत होते. अर्जेंटिनाच्या सैनिकांनी त्यांच्या डोक्यांवरून मशीनगन चालवून त्यांना माघारी पाठवले. अर्जेंटिनाने नंतर दिलगिरी व्यक्त केली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९५३ मध्ये, ब्रिटिश नौसैनिकांनी डिसेप्शन बेटावर उतरून अर्जेंटिना व चिली यांच्या झोपड्या मोडल्या आणि दोन अर्जेंटिनी माणसांना अटक केली. कोणी दगावले नाही, हे सुदैव. एखाद्या सैनिकाचा नेम जरा खाली असता, तर आज आपण या खंडाचा इतिहास निराळ्या शब्दांत वाचत असतो.

७/ तोडगे सुचवले जात नव्हते असे नाही. १९४८ मध्ये अमेरिकेने खंड संयुक्त ताब्यात घेण्याची कल्पना मांडली; दावेदारांना ती रुचली नाही. त्याच वर्षी चिलीचे कायदेपंडित हुलिओ एस्कुदेरो यांनी एक साधी सूचना केली : सगळ्यांचे दावे आहेत तिथेच काही वर्षांसाठी गोठवून ठेवावेत आणि तोवर विज्ञानाचे काम चालू द्यावे. त्या वेळी ती मागे पडली. १९५० मध्ये सोव्हिएत संघाने कळवले की, आम्हाला वगळून केलेला कोणताही निर्णय आम्ही मानणार नाही. १८२० साली रशियन दर्यावर्दी बेलिंग्सहाउझेन तेथे पोहोचला होता, याचीही आठवण करून दिली. म्हणजे बांधाच्या भांडणात आता शीतयुद्धही उतरले.

८/ कोंडी फोडली ती वैज्ञानिकांनी. १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ हा काळ ‘आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष’ म्हणून पाळला गेला. बारा राष्ट्रांनी अंटार्क्टिकावर व भोवतालच्या बेटांवर वेधशाळा आणि तळ उभारले. अमेरिका थेट दक्षिण ध्रुवावर जाऊन बसली, सोव्हिएत संघाने व्होस्तोक येथे तळ टाकला. यासाठी १९५५ मध्ये पॅरिसला पूर्वतयारीची बैठक झाली, तेव्हा एक अलिखित समजूत ठरली : या काळात कोणी कोठे तळ बांधला, कोणी कोठे यंत्र बसवले, यावरून मालकीचा कोणताही अर्थ काढायचा नाही. एस्कुदेरोंची कल्पना मागच्या दाराने आत आली होती. अठरा महिने हा प्रयोग चालला आणि कोणाचेही काही बिघडले नाही. मुत्सद्द्यांना हेच हवे होते : करून पाहिलेली गोष्ट.

९/ येथे भारताचा एक दुर्लक्षित अध्याय येतो. फेब्रुवारी १९५६ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांकडे पत्र देऊन ‘अंटार्क्टिकाचा प्रश्न’ महासभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याची मागणी केली. आर्थर लाल आणि कृष्ण मेनन ही या प्रयत्नांमागची नावे. या खंडाचा उपयोग शांततेसाठीच व्हावा, तेथे अणुचाचण्या होऊ नयेत, ही नेहरू सरकारची भूमिका होती. चिली आणि अर्जेंटिना यांनी कडाडून विरोध केला. भारताने विषय पुढे रेटला नाही. १९५८ मध्ये पुन्हा प्रयत्न केला, तोही तडीस गेला नाही.

१०/ पण मला वाटते, हा प्रयत्न वाया गेला असे म्हणणे घाईचे ठरेल. प्रश्न महासभेच्या चव्हाट्यावर जाईल, ही धास्ती दावेदार राष्ट्रांना आपसात मिटवण्यास भाग पाडणाऱ्या कारणांपैकी एक होती. मे १९५८ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी भूभौतिकी वर्षात सहभागी झालेल्या अन्य अकरा राष्ट्रांना निमंत्रण धाडले. भारताचे त्या वर्षी तेथे पथक नव्हते. त्यामुळे निमंत्रणही नव्हते. ज्याने प्रश्न जगापुढे मांडला, त्यालाच पंगतीत पान नाही.

११/ वॉशिंग्टनमध्ये वर्षभराहून अधिक काळ बंद दाराआड सुमारे साठ पूर्वतयारी बैठका झाल्या. मग १५ ऑक्टोबर १९५९ पासून परिषद भरली आणि १ डिसेंबर १९५९ रोजी बारा राष्ट्रांनी सह्या केल्या. करार २३ जून १९६१ रोजी अमलात आला. अवघी चौदा कलमे. आपण इतिहासात वाचतो ते तह, पुरंदरचा असो वा सालबाईचा, लढाई होऊन गेल्यावर केलेले असतात. हा तह लढाईच्या अलीकडे थांबून केलेला.

१२/ यातील चौथे कलम हा सगळ्या इमारतीचा आधारस्तंभ आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो. त्याचा आशय असा : या करारावर सही केली म्हणून कोणी आपला जुना दावा सोडला, असे होत नाही. सही केली म्हणून कोणी दुसऱ्याचा दावा मान्य केला, असेही होत नाही. करार अमलात असताना तेथे केलेल्या कोणत्याही कृतीने दावा बळकट होणार नाही, दुबळाही होणार नाही. नवा दावा करता येणार नाही, जुना वाढवता येणार नाही. न्यायालयाच्या भाषेत सांगायचे तर ‘जैसे थे’चा आदेश, फरक इतकाच की, तो कोणी न्यायाधीशाने दिला नाही, पक्षकारांनीच एकमेकांना दिला, आणि त्याला पुढली तारीखही लावली नाही.

१३/ या कलमाचे सौंदर्य असे की, सही करून घरी परतल्यावर अर्जेंटिनाचा मंत्री आपल्या जनतेला म्हणू शकत होता, ‘आपला हक्क अबाधित आहे’. ब्रिटनचा मंत्री तेच म्हणू शकत होता. आणि अमेरिकेचा म्हणू शकत होता, ‘आपण या दोघांचेही काही मानलेले नाही’. तिघेही खरे बोलत होते. १९७८ मध्ये अर्जेंटिनाने आपल्या एस्पेरान्सा तळावर एका कुटुंबाला नेऊन तेथे बाळाचा जन्म घडवून आणला. त्या खंडावर जन्मलेले ते पहिले नोंदलेले मूल. देशभर कौतुक झाले. चौथ्या कलमामुळे कायद्याच्या पुस्तकात मात्र अक्षरही हलले नाही. ज्या कृतीतून काही मिळतच नाही, तिच्यासाठी मशीनगन कोण चालवील?

१४/ बाकीची कलमेही साधी नाहीत. लष्करी तळ आणि कवायती निषिद्ध. अणुस्फोट आणि किरणोत्सारी कचरा निषिद्ध. सातव्या कलमाने तर सल्लागार राष्ट्रांच्या निरीक्षकांना कोणाच्याही तळावर केव्हाही जाऊन तपासणी करण्याचा अधिकार दिला. वर्ष लक्षात घ्या : १९५९. युरोपात अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांच्या कुंपणाजवळही फिरकू देत नव्हते, आणि येथे मात्र ‘या, कपाटे उघडून पाहा’ असे लेखी कबूल केले गेले.

१५/ कराराची खरी परीक्षा १९८२ मध्ये झाली. हा प्रसंग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. करार साठ अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली लागू होतो. त्या वर्षी फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात प्रत्यक्ष युद्ध जुंपले. शेकडो माणसे मेली. युद्धाची शेवटची कारवाई २० जून रोजी सदर्न थूली या बेटावर झाली. तेथे अर्जेंटिनाने १९७६ पासून तळ ठोकला होता, तो ब्रिटिशांनी ताब्यात घेतला. या बेटाचा अक्षांश ५९ अंश २७ मिनिटे. म्हणजे कराराच्या रेषेपासून उत्तरेला जेमतेम साठ किलोमीटर.

१६/ त्या रेषेच्या किंचित दक्षिणेला साउथ ऑर्कनी द्वीपसमूह आहे. त्यात ब्रिटनचा सिग्नी तळ आहे आणि अर्जेंटिनाचा ऑर्कादास तळही आहे. दोन्ही राष्ट्रे एकमेकांची जहाजे बुडवत असताना या दोन तळांवरची माणसे हवामानाच्या नोंदी घेत राहिली. युद्ध रेषा ओलांडून खाली आले नाही. ‘कागदी करारांनी काय होते?’ असे ज्यांना वाटते, त्यांनी नकाशावर सदर्न थूली आणि सिग्नी ही दोन ठिकाणे एकदा शोधून पाहावीत.

१७/ आता टीकेची बाजू. हा श्रीमंतांचा मक्ता आहे, हा आक्षेप जुना आहे आणि तो निराधार नव्हता. निर्णयाचा अधिकार फक्त ‘सल्लागार’ राष्ट्रांना, आणि तो दर्जा मिळवण्यासाठी तेथे भरीव संशोधन दाखवावे लागते, म्हणजेच जहाजे आणि पैसा हवा. त्यात वर्णद्वेषी राजवट असलेला दक्षिण आफ्रिका मूळ बारांपैकी एक. १९८२ मध्ये मलेशियाचे पंतप्रधान महाथिर यांनी संयुक्त राष्ट्रांत हा खंड सर्व मानवजातीचा वारसा मानावा अशी मागणी केली आणि पुढल्या वर्षीपासून ‘अंटार्क्टिकाचा प्रश्न’ महासभेपुढे आला. भारताने १९५६ मध्ये वापरलेलेच शब्द.

१८/ पण तोवर भारताने निराळी वाट धरली होती. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जणांची तुकडी ‘पोलर सर्कल’ या भाड्याने घेतलेल्या नॉर्वेजियन जहाजातून गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. १९८३ च्या ऑगस्टमध्ये भारत करारात सामील झाला आणि सप्टेंबरमध्ये सल्लागार राष्ट्र बनला. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हा तळ उभा राहिला. त्याच मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत या तेथे पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. अदिती पंत मूळच्या नागपूरच्या, औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातील. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्या काम करीत. भारताच्या ध्रुवीय संशोधनाचे केंद्र आजही गोव्यात, वास्को येथेच आहे.

१९/ ज्या पंगतीवर आपण टीका केली, तिच्यात जाऊन बसलो, हा संधिसाधूपणा होता का? मला तसे वाटत नाही. बाहेरून ओरडून कराराचे एकही कलम बदलले नाही. भारत, ब्राझील, चीन आत आल्यावर मात्र तो श्रीमंतांचा मक्ता राहिला नाही. खुद्द मलेशियानेही २०११ मध्ये करार स्वीकारला. अर्थात आत आल्यावर आपणही दार तितकेसे सताड उघडे ठेवले नाही, हेही नमूद करायला हवे. सल्लागार राष्ट्रे आज २९ आहेत. जगात देश त्याच्या कितीतरी पट.

२०/ खनिजांच्या कथेकडे वळू, कारण २०४८ चा उगम तिथे आहे. मूळ करारात खनिजांचा उल्लेखच नाही. तेलाचे भाव भडकल्यावर सल्लागार राष्ट्रांनी सहा वर्षे वाटाघाटी करून २ जून १९८८ रोजी वेलिंग्टनला खनिज उत्खननाचे नियम ठरवणारा करार संमत केला. म्हणजे नियंत्रित का होईना, उत्खननाचे दार उघडणार होते. मग १९८९ उजाडले. जानेवारीत ‘बाहिया पाराइसो’ हे अर्जेंटिनाचे जहाज अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ खडकावर आदळले आणि सुमारे सहा लाख लिटर इंधन समुद्रात सांडले. मार्चमध्ये अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ची दुर्घटना घडली. मे महिन्यात ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बॉब हॉक यांनी सही करण्यास नकार दिला. फ्रान्सही त्यांच्या बाजूस आला. दावेदार राष्ट्रांची मान्यता नसल्यास तो करार अमलात येऊच शकत नव्हता. सहा वर्षांची मेहनत तिथेच मेली.

२१/ हॉक यांच्यावर तेव्हा लोकानुनयाचा आरोप झाला. असेलही. पण त्याच नकारातून ४ ऑक्टोबर १९९१ चा माद्रिद प्रोटोकॉल जन्मला. त्याचे सातवे कलम एका वाक्याचे आहे आणि त्याचा अर्थ स्पष्ट आहे : वैज्ञानिक संशोधन वगळता खनिजांशी संबंधित प्रत्येक कृतीला बंदी. प्रोटोकॉल इतका काटेकोर की, स्लेज ओढणारी कुत्रीसुद्धा १ एप्रिल १९९४ पर्यंत खंडाबाहेर नेणे भाग पडले. त्यांचे रोग सीलना होतील ही भीती होती. आमुंडसेनला ध्रुवावर पोहोचवणाऱ्या जातीच्या नशिबी असा निरोप आला!

२२/ अमेरिकेला मात्र कायमची बंदी नको होती. तडजोड म्हणून पंचविसाव्या कलमात एक वाट ठेवली गेली. प्रोटोकॉल १४ जानेवारी १९९८ रोजी अमलात आला. त्यानंतर पन्नास वर्षांनी, म्हणजे २०४८ पासून, कोणतेही सल्लागार राष्ट्र फेरविचारासाठी परिषद मागू शकते. ‘मागू शकते’, इतकेच. परिषदेत बदल संमत व्हायला बहुमत हवे आणि त्या बहुमतात १९९१ मधील २६ सल्लागार राष्ट्रांपैकी तीन-चतुर्थांश असली पाहिजेत. पुढे तो अमलात यायला आजच्या सल्लागार राष्ट्रांपैकी तीन-चतुर्थांशांची मान्यता हवी आणि त्यात ती २६ च्या २६ राष्ट्रे हवीत. शिवाय उत्खननाचे नियमन करणारी बंधनकारक व्यवस्था असल्याखेरीज बंदी उठवता येत नाही. त्या २६ मध्ये भारत आहे. म्हणजे २०४८ नंतरही नवी दिल्लीच्या सहीवाचून बंदीत बदल अमलात येणार नाही. संमत झालेला बदल तीन वर्षांत अमलात आला नाही तर एखाद्या राष्ट्राला नोटीस देऊन दोन वर्षांनी बाहेर पडता येते, ही फट आहे. पण तोवरचा प्रवास किती लांबचा, ते पाहा.

२३/ आणि असा प्रसंग एकदा येऊन गेला आहे! मूळ करारातही तीस वर्षांनंतर फेरविचार परिषद मागण्याची तरतूद होती. १९६१ अधिक तीस, म्हणजे १९९१. त्या सालाबद्दलही ‘तेव्हा करार संपणार’ असा समज पसरला होता. प्रत्यक्षात कोणीही परिषद मागितली नाही आणि त्याच वर्षी खाणबंदी झाली. या तारखेच्या भीतीवर माझा राग आहे तो यामुळे. करार संपणारच आहे असे एका पिढीने धरून चालले, तर त्याचे रक्षण करण्याची निकड कोणाला वाटणार? ‘संपणारच आहे तर आपला वाटा आधीच राखून ठेवू’, हा युक्तिवाद त्यातूनच जन्मतो.

२४/ मग धोका कुठे आहे? एकमताच्या नियमात. वार्षिक सल्लागार बैठक असो वा सागरी जीवसंपदेचा होबार्टस्थित आयोग, निर्णय सर्वसंमतीने होतात. १९५९ मध्ये हा नियम नसता तर एकाही दावेदाराने सही केली नसती. या नियमाने उशीर किती होतो, याचा एक नमुना : कराराला कायमची कचेरी मिळायला २००४ साल उजाडले, कारण ती ब्वेनोस आयरेसला असण्यास ब्रिटन अनेक वर्षे राजी नव्हता. ते एक वेळ चालले. कचेरी थांबू शकते.

२५/ समुद्र थांबत नाही. २०२२ च्या बर्लिन बैठकीत सम्राट पेंग्विनला विशेष संरक्षित प्रजातीचा दर्जा देण्याचा प्रस्ताव आला. चीनच्या विरोधामुळे तो अडला. पूर्व अंटार्क्टिका, वेडेल समुद्र आणि अंटार्क्टिक द्वीपकल्प येथे संरक्षित सागरी क्षेत्रे करण्याचे प्रस्ताव होबार्टला वर्षानुवर्षे येतात आणि चीन व रशिया यांच्या नकाराने परत जातात. द्वीपकल्पाचा प्रस्ताव मांडणारे कोण, तर चिली आणि अर्जेंटिना, ज्यांचे दावे तेथे एकमेकांवर चढलेले आहेत. क्रिल या इवल्या कोळंबीसदृश जीवावर देवमाशांपासून पेंग्विनांपर्यंत सगळे जगतात. त्याची मासेमारी द्वीपकल्पाजवळ एकाच ठिकाणी एकवटू नये म्हणून केलेली वाटणी २०२४ मध्ये एकमताअभावी संपुष्टात आली. पुढल्याच हंगामात ६ लाख २० हजार टनांची एकूण मर्यादा मुदतीआधी गाठली गेली आणि मासेमारी थांबवावी लागली.

२६/ सगळा दोष दोनच राष्ट्रांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. नॉर्वे, दक्षिण कोरिया, चिली यांचीही जहाजे क्रिल पकडतात, आणि १९८८ मध्ये उत्खननाचे दार किलकिले करणाऱ्यांत पाश्चात्त्य लोकशाही राष्ट्रेच आघाडीवर होती. तरीही भेद करायला हवा. आपल्या हक्काचा प्रश्न असेल तिथे नकार देणे हे चौथ्या कलमाच्या वृत्तीला धरून आहे. संरक्षणाच्या प्रत्येक प्रस्तावाला ‘आणखी पुरावा आणा’ म्हणून बगल देणे हे त्या वृत्तीचा गैरफायदा घेणे आहे. गोठवायची होती ती भांडणे, कामकाज नव्हे.

२७/ भारताने येथे काय करावे? २०२१ मध्ये पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्राच्या प्रस्तावांचे सहप्रायोजक होण्याचा निर्णय आपण घेतला. २०२२ मध्ये स्वतंत्र अंटार्क्टिक कायदा केला. मे २०२४ मध्ये कोची येथे सल्लागार बैठकीचे यजमानपद भूषवले. वर्षाला एक लाखाच्या वर गेलेल्या पर्यटकांच्या नियमनावर तेथे गांभीर्याने चर्चा सुरू झाली. हे सगळे योग्य दिशेने आहे, पण माझ्या मते अपुरे आहे. आपल्याला तेथे भूमीचा दावा नाही. क्रिलच्या धंद्यातही आपण मोठे नाही. दोन्हीकडच्यांशी बोलू शकणारी मोठी राष्ट्रे फार थोडी उरली आहेत, त्यांत आपण मोडतो. १९५६ मध्ये दाखवलेली हिंमत यजमानपदाच्या दीपप्रज्वलनापुरती न राहता होबार्टच्या बंद खोलीतही दिसली पाहिजे.

२८/ शेवटी, तारीखच पाठ करायची असेल तर एक खरी तारीख सांगतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये, अनेक वर्षांच्या नकारांनंतर, रॉस समुद्रात १५ लाख ५० हजार चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र मंजूर झाले, महाराष्ट्राच्या पाचपट. एकमत व्हावे म्हणून त्याला मुदत घालावी लागली : १ डिसेंबर २०१७ पासून पस्तीस वर्षे. म्हणजे २०५२. त्या वेळी सर्वांनी पुन्हा ‘हो’ म्हटले तरच ते पुढे चालेल. आज हा धागा वाचणाऱ्यांपैकी बहुतेक जण तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील, आणि त्या बैठकीत भारताच्या खुर्चीवर तुमच्यापैकी कोणी बसलेले असणे अशक्य नाही.